हातात डाळिंब, पायाखाली कासव

इ.स.च्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा एक चौकस प्रवासी अथेन्सच्या अक्रोपोलिसवर चढला आणि पार्थेनॉनमधली अथेना त्यानं नीट न्याहाळून पाहिली. फिडियसनं घडवलेली, इ.स.पू. ४३८मध्ये प्रतिष्ठापना झालेली ही सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती चाळीस फुटांच्या आसपास उंच होती. शिरस्त्राणावर मधोमध स्फिंक्स, दोन बाजूंना ग्रिफिन, छातीवर हस्तिदंतातलं मेदूसाचं मुंडकं, एका हातावर नायकी म्हणजे विजयदेवता, दुसऱ्या हातात भाला, पायाशी ढाल आणि भाल्यालगत एक साप. पॉसेनियसनं हे सगळं टिपून ठेवलं आहे. त्याच्या टिपणात घुबड मात्र कुठेच नाही.

आज ग्रीक देवतांबद्दल काहीही वाचायला घेतलं की एक तक्ता समोर येतोच: अथेनाचं घुबड, हेराचा मोर, ॲफ्रोडाइटीचं कबुतर, आर्टेमिसची चंद्रकोर, डिमिटरचं कणीस. प्रश्नमंजूषेत तो विचारला जातो, मोबाइलवरच्या खेळांत वापरला जातो, टॅटू काढणाऱ्यांच्या वह्यांत चिकटवलेला असतो. त्यातली प्रत्येक जोडी कुठे ना कुठे, कधी ना कधी खरी होती. पण शेकडो वर्षांचं अंतर आणि गावोगावच्या वेगवेगळ्या रीती एकाच रकान्यात दामटून बसवल्या, की त्या देवीची चिन्हं कुणीतरी बसून ठरवून दिली होती असा समज होतो. मराठी वाचकाचा तर तो चटकन होतो, कारण आपल्याकडे मूर्तिशास्त्र आहे. शंख, चक्र, गदा आणि पद्म यांचा हातांतला क्रम बदलला की केशवाचा नारायण होतो. विष्णूच्या चोवीस मूर्ती या हिशेबावरच उभ्या आहेत. ग्रीकांकडे असा ग्रंथ नव्हता, तो अमलात आणणारी एखादी मध्यवर्ती धर्मसत्ताही नव्हती. प्रत्येक नगराचं देवस्थान वेगळं, पुजारीण वेगळी, उत्सव वेगळा. मूर्तीच्या हातात काय द्यायचं हे गावची रूढी, खर्च करणारा दाता आणि शिल्पकार मिळून ठरवत, आणि पुष्कळदा टांकसाळही. म्हणून मला क्रम उलटा लावून पाहावासा वाटतो. आधी ठाणं आणि तिथला विधी, मग त्यातली वस्तू, मग तिचा अर्थ. कथा बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी आलेली असते.

घुबडाचंच घ्या. अथेनाचा आणि घुबडाचा संबंध जुना आहे यात शंका नाही, पण घुबडाला जगभर नेलं ते नाण्यानं. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस अथेन्सनं चार द्राख्माचं चांदीचं नाणं पाडायला घेतलं: एका बाजूला अथेनाचं मुख, दुसऱ्या बाजूला समोर बघणारं बटबटीत डोळ्यांचं घुबड, शेजारी ऑलिव्हची डहाळी आणि नगराच्या नावाची तीन अक्षरं. वजन सतरा ग्रॅमच्या आसपास. चांदी लॉरियनच्या खाणींतली, म्हणजे घरचीच. नाण्याला लोक घुबडच म्हणत. ॲरिस्टोफेनीसच्या ‘पक्षी’ या नाटकात स्पर्धेच्या परीक्षकांना आमिष दाखवलं जातं की लॉरियनची घुबडं तुमच्या थैलीत घरटी करतील आणि चिल्लर उबवतील. इजिप्तपासून अरबस्तानापर्यंत या नाण्याच्या नकला निघाल्या. त्या पाडणाऱ्यांना अथेनाशी काही देणंघेणं नव्हतं, घुबड असलं की चांदी चोख, एवढंच त्यांना ठाऊक. घुबड म्हणजे ज्ञान हे समीकरण त्या बाजारात कुणाच्या डोक्यातही नसणार.

ते घुबडही आपल्याला वाटतं तसं मोठं, भयाण नव्हे. ते पिंगळ्याएवढं, दिवसाही दिसणारं, दगडी भिंतींच्या कपारीत राहणारं लहान घुबड. पक्षिशास्त्रज्ञांनी त्याच्या गटाला ‘अथेनी’ असंच नाव दिलं आणि आपला पिंगळाही त्याच गटातला. शंभराहून अधिक वर्षं नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला, त्याचंही शास्त्रीय नाव आज ‘अथेनी ब्लेविटी’ असं लिहितात. अथेनाचं नाव सातपुड्यात पोचलं ते असं.

खुद्द अथेन्सच्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं घुबडाआधी साप आणि ऑलिव्ह सांगितलं असतं असं मला वाटतं. अक्रोपोलिसवर एक राखणदार साप राहतो अशी तिथे श्रद्धा होती आणि त्याला दर महिन्याला मधाची पोळी ठेवली जाई. हिरोडोटस सांगतो की इ.स.पू. ४८०मध्ये इराणी फौज चालून येत असताना ती पोळी पहिल्यांदाच तशीच पडून राहिली. पुजारणीनं हे जाहीर करताच लोकांनी नगर सोडण्याची घाई केली, कारण देवीच निघून गेली असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला. पुढे इराण्यांनी अक्रोपोलिस जाळलं. त्यात अथेनाचं ऑलिव्हचं झाडही जळालं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बुंध्याला हातभर कोंब फुटलेला दिसला, हेही हिरोडोटसच सांगतो. पोसायडनशी पैज लागली आणि अथेनानं ऑलिव्ह देऊन अथेन्स जिंकलं ही कथा प्रसिद्धच आहे, पण त्या झाडाचं वजन कथेपेक्षा व्यवहारात जास्त होतं. पॅनथेनिया उत्सवातल्या विजेत्यांना देवीच्या राखीव झाडांचं तेल रांजणासारख्या मोठ्या कुंभांत भरून मिळे आणि त्या कुंभांवर भाला उगारलेली अथेना रंगवलेली असे. मूर्तीवरच्या सोन्याचंही तसंच. थ्युसिडिडीजच्या इतिहासात अथेन्सचा नेता पेरिक्लीस स्पार्टाशी युद्धाच्या तोंडावर नगराची शिल्लक मोजतो तेव्हा अथेनाच्या अंगावरचं चाळीस टॅलंट सोनं, म्हणजे आजच्या हिशेबानं हजार किलोंच्या वर, त्यातच धरतो. ते काढता येईल असं बसवलं होतं. वापरलं तर परत करायचं, ही अटही तो घालतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या आरंभी लाकारीस नावाच्या हुकूमशहानं सैनिकांच्या पगारासाठी ते खरोखरच उतरवलं.

हेराच्या मोराची गोष्ट याहून बोलकी आहे. मोर आपला, हिंदुस्थानातला पक्षी. होमरच्या काव्यात हेरा गाईच्या डोळ्यांची आहे, मोराचा तिथे पत्ता नाही. पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये मोर ही एवढी नवलाई होती की पेरिक्लीसचा मित्र पिरिलाम्पीस याच्याकडचे मोर बघायला महिन्याच्या पहिल्या दिवशी लोकांना आत सोडत आणि त्यासाठी स्पार्टा आणि थेसलीहून माणसं येत. हेराच्या देवळात मोर पाळले गेले ते सामोस बेटावर आणि पुढे त्या बेटाच्या नाण्यांवरही ते आले. शंभर डोळ्यांचा आर्गस मारला गेला आणि हेरानं त्याचे डोळे मोराच्या पिसाऱ्यावर बसवले, ही आपण ऐकतो ती कथा ओव्हिडमुळे रूढ झाली. तो रोमन, लॅटिनमध्ये लिहिणारा आणि येशूच्या जन्माच्या आसपासचा. पक्षी आधी आला, कारण मागाहून जुळवलं गेलं.

आर्गोसजवळ हेराचं सगळ्यांत मानाचं देऊळ होतं. जुनं देऊळ इ.स.पू. ४२३मध्ये जळालं. क्रिसिस नावाच्या पुजारणीनं हारांजवळ दिवा ठेवला आणि तिला डुलकी लागली. नव्या देवळासाठी पॉलिक्लिटसनं मूर्ती घडवली. तिच्या एका हातात डाळिंब होतं, दुसऱ्या हातात राजदंड आणि राजदंडाच्या टोकावर कोकीळ. कोकिळेची कथा पॉसेनियस सांगतो, की झ्यूसनं कुमारी हेराला वश करायला कोकिळेचं रूप घेतलं. आपला त्यावर विश्वास नाही, पण नोंद करायला हवी, असंही तो म्हणतो. डाळिंबाविषयी मात्र तो गप्प बसतो, ते गुपित आहे म्हणून. ज्याला ही विद्या ठाऊक होती त्यानंच तोंड मिटल्यामुळे डाळिंब म्हणजे सुफलता की विवाह की मृत्यू, यावर आजवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मोर त्या देवळातही होता, पण रोमन सम्राट हेड्रियननं वाहिलेला, सोन्याचा आणि चमकत्या खड्यांचा. डाळिंब जास्त चिवट निघालं. दक्षिण इटलीत पेस्टमजवळ हेराची जुनी ठाणी आहेत आणि त्याच मुलखात कापाच्चो इथे आजही हातात डाळिंब घेतलेल्या मेरीमातेची पूजा होते.

ॲफ्रोडाइटीकडे आल्यावर तक्ता पार कोलमडतो. तिचं सर्वांत प्रसिद्ध क्षेत्र सायप्रसमधलं पॅफोस. तिथे सौंदर्याच्या या देवीला मानवी रूपच नव्हतं. खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला एक दगड, आपण ज्याला तांदळा म्हणू तसा, हीच तिची मूर्ती. रोमन इतिहासकार टॅसिटस या दगडाचं वर्णन करतो आणि असं का हे स्पष्ट नाही म्हणून पुढे सरकतो. रोमन काळातल्या सायप्रसच्या नाण्यांवर देवळाच्या मधोमध तो दगड दिसतो, आणि कुक्लिया गावच्या संग्रहालयात तसला एक मोठा काळसर दगड आजही उभा आहे. तिचं कबुतर पश्चिम आशियातल्या इश्तार–अस्टार्टेकडून आलं असं अभ्यासक मानतात, आणि सायप्रसचं भौगोलिक स्थान पाहता ते पटतं. सॅफोच्या कवितेत तिचा रथ चिमण्या ओढतात. पाचव्या शतकातल्या एका सुंदर पांढऱ्या वाडग्यावर ती हंसासारख्या पक्ष्यावर बसून उडते आहे. स्पार्टात तर ती शस्त्रधारी होती.

मला या सगळ्यांत एलिसची ॲफ्रोडाइटी विशेष आवडते. तिथे दोन मूर्ती होत्या. एक फिडियसची, सोनं आणि हस्तिदंतातली, एक पाय कासवावर ठेवलेली. दुसरी स्कोपासची, कांस्याच्या बोकडावर बसलेली. फिडियसनंतर पाचेकशे वर्षांनी प्लुटार्कनं नवविवाहितांना उपदेश करताना कासवाचा अर्थ लावला की बाईनं घरात राहावं आणि तोंड बंद ठेवावं. पॉसेनियसनं त्याच मूर्ती पाहिल्या आणि कासव व बोकड यांचा अर्थ ज्यांना अंदाज बांधायची हौस असेल त्यांच्यावर सोपवून तो मोकळा झाला. चिन्हांच्या अर्थांबद्दल प्राचीन काळात लिहिलेलं इतकं प्रामाणिक वाक्य क्वचितच सापडेल. प्लुटार्कच्या अर्थात आपल्याला देवी कमी आणि प्लुटार्कच्या घरातली शिस्त जास्त दिसते. प्रतीककोशांमध्ये मात्र प्लुटार्कच उतरला, कारण कोशाला अर्थ लागतो.

डिमिटरचं कणीस निर्विवाद आहे. ती धान्याचीच देवी. पण तिच्या विधीत सगळीकडे वावरणारा प्राणी डुक्कर, आणि तो तक्त्यांत अभावानंच भेटतो. एल्युसिसच्या रहस्यविधीची दीक्षा घेणारा माणूस डुकराचं पिल्लू घेऊन समुद्रात उतरे, स्वतः न्हाई, त्यालाही न्हाऊ घाली आणि मग त्याचा बळी दिला जाई. एल्युसिसच्या नाण्यांवरही डुक्कर आहे. थेस्मोफोरिया हा केवळ बायकांचा सण. त्यात डुकराची पिल्लं खोल विवरांत टाकत आणि त्यांचे कुजलेले अवशेष बायका वर काढून बियाण्यात मिसळत, असं एका उत्तरकालीन टीकाकारानं लिहून ठेवलं आहे. शेतकऱ्याला यातलं खताचं गणित समजवावं लागणार नाही. पर्सेफोनीच्या डाळिंबाचंही असंच सोवळं झालं आहे. डिमिटरच्या होमरी स्तोत्रात ती एकच दाणा खाते आणि वर्षाचा एक तृतीयांश भाग पाताळात काढते. ओव्हिडच्या एका काव्यात दाणे सात आहेत, दुसऱ्यात तीन. आजच्या बालपुस्तकांतले सहा दाणे सहा महिन्यांशी जुळवण्यासाठी आलेले दिसतात.

आणि मग आर्केडियातल्या फिगालियाची काळी डिमिटर. पॉसेनियस डोंगरातल्या त्या गुहेपर्यंत केवळ तिच्यासाठी गेला. सांगितलं जाई ते असं: खडकावर बसलेली बाई, डोकं आणि आयाळ घोडीची, डोक्यातून साप आणि इतर जनावरं निघालेली, एका हातावर डॉल्फिन, दुसऱ्यावर कबुतर. पोसायडननं घोडा होऊन घोडीच्या रूपातल्या डिमिटरला गाठलं, ही तिथली कथा. मूळ मूर्ती जळाली होती, तिच्या जागी ओनातासनं घडवलेलीही उरली नव्हती. तीन पिढ्यांपूर्वी छताचे दगड कोसळून तिचा चुरा झाला, असं गावातल्या एका वृद्धानं त्याला सांगितलं. पॉसेनियसनं गावच्या रीतीप्रमाणे बळी न देता द्राक्षं, मधाचं पोळं आणि कच्ची लोकर वेदीवर ठेवली आणि त्यावर तेल ओतलं. इथे कणीस कुठेच नाही.

आर्टेमिस म्हणजे धनुष्य आणि हरिणी, हे चित्र कलशांवर भरपूर सापडतं. चंद्रकोर तिच्या कपाळी पुढे आली, ती चंद्रदेवता सेलेनीशी एकरूप मानली जाऊ लागली तेव्हा. अथेन्सच्या पूर्वेला ब्राउरॉन इथे तिचं स्थान होतं आणि तिथलं जनावर अस्वल. ठरावीक वयाच्या मुली केशरी वस्त्र नेसून तिथे ‘अस्वल होत’, म्हणजे लग्नाच्या वयाला येण्यापूर्वी देवीची सेवा करत. उत्खननात सापडलेल्या चिमुकल्या भांड्यांवर धावणाऱ्या मुली रंगवलेल्या आहेत. बायका तिला कपडे वाहत आणि त्या वस्त्रांच्या याद्या दगडावर कोरलेल्या मिळाल्या आहेत, कुणी काय वाहिलं यासकट. आशिया मायनरमधल्या एफेससच्या आर्टेमिसला ओळखणं तर ब्राउरॉनच्या मुलीलाही जड गेलं असतं. अंगाला घट्ट आवळलेलं वस्त्र, त्यावर सिंह, हरणं, मधमाश्या यांच्या ओळी आणि छातीवर अंडाकार गोळ्यांच्या रांगा. स्तन, वाहिलेल्या बैलांची वृषणं, अंबराचे लोलक असे तिन्ही अर्थ गंभीरपणे मांडले गेले आहेत. माझा कल लोलकांकडे आहे, कारण मूर्तीला दागिने घालण्याची रीत सगळीकडे होती आणि जुन्या देवळाच्या जागेवर तसे अंबराचे लोलक खरोखरच निघाले. पण मूर्ती त्या दागिन्यांच्या कितीतरी शतकांनंतरच्या, रोमन काळातल्या आहेत, हेही विसरून चालत नाही. एफेससच्या नाण्यांवर मधमाशी आणि हरिण आहे. गोळे असलेली मूर्ती नाण्यांवर उशिरा येते.

उरलेल्या काही जणी थोडक्यात. हेस्टिया चूल आणि अग्नी यांची देवी. तिच्या मूर्ती फारच थोड्या, कथा त्याहून थोड्या, पण वसाहत करायला निघालेले लोक नगराच्या चुलीतला विस्तव बरोबर नेत, त्यामुळे तिला चिन्हाची गरजच पडली नसावी. हेकाटी मशाली, कुत्री आणि तिठ्यांची. तिला तीन देह पहिल्यांदा अल्कामिनीसनं दिले असं पॉसेनियसला वाटे. महिनाअखेरीला तिठ्यावर ठेवलेला तिचा नैवेद्य गोरगरीब पळवतात, हा ॲरिस्टोफेनीसचा विनोद. नायकीचे पंख सर्वांना माहीत, पण अक्रोपोलिसवरच्या तिच्या छोट्या देवळातली मूर्ती बिनपंखांची होती. ती अथेन्स सोडून उडून जाऊ नये म्हणून, हा तिथला खुलासा. हाच पंखांचा प्रश्न ऑलिम्पिक पदकावरही आला. १९२८पासून पदकावरची नायकी रोमच्या कोलोसियमसारख्या इमारतीपुढे बसे. अथेन्समध्ये २००४ साली खेळ भरले तेव्हा ग्रीकांनी ती इमारत हटवून आपलं संगमरवरी स्टेडियम आणलं आणि नायकीला पुन्हा उडतं केलं.

मग हा आटोपशीर तक्ता आला कुठून? रोमनांनी अथेनाला मिनर्व्हा, हेराला जूनो केलं तेव्हा दोन देवींचा ऐवज एका पेटीत पडला. पण रकाने आखले ते युरोपातल्या प्रबोधनकाळानं. व्हिन्चेन्झो कार्तारीचं देवप्रतिमांवरचं पुस्तक १५५६मध्ये व्हेनिसमध्ये छापलं गेलं, चेझारे रिपाचा ‘इकोनोलोजिया’ १५९३मध्ये आला. चित्रकारांना आणि शोभायात्रा सजवणाऱ्यांना कोणत्या गुणाला कोणती वस्तू द्यायची हे लगेच हवं होतं आणि या पुस्तकांनी ते पुरवलं. न्यायदेवतेच्या डोळ्यांवरची पट्टीही पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात आलेली. ग्रीक थेमिसचे डोळे उघडेच होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४मध्ये नव्या मूर्तीवरून पट्टी काढली आणि तलवारीच्या जागी संविधान दिलं तेव्हा बरीच चर्चा झाली. डोळ्यांपुरती तरी ती मूर्ती नकळत ग्रीकांच्या जवळ गेली.

पुरातत्त्वानंही यात भर घातली. आर्थर एव्हान्सला १९०३मध्ये क्नोसॉसला सापडलेली, दोन्ही हातांत साप धरलेली ‘सर्पदेवी’ आज प्राचीन देवीपूजेचं बोधचिन्ह होऊन बसली आहे. ती ग्रीकांच्याही आधीची, मिनोअन. तिचं डोकं मात्र आधुनिक जुळणी आहे, आणि डोक्यावरचं मांजरासारखं जनावर वेगळं सापडलं होतं. तिला देवी म्हणायचं की पुजारीण, इथपासून वाद आहे.

चिन्हांचा एक प्रवास आपल्या दिशेनंही झाला आणि तोही नाण्यांवरूनच. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला हिंद-ग्रीक राजा मिनँडर, बौद्ध परंपरेतला मिलिंद, याच्या नाण्यांवर वज्र फेकणारी अथेना आहे, काहींवर तिचं घुबडही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथाचा लेखक नोंदवतो की मिनँडरचे जुने द्राख्मा त्याच्या काळी, म्हणजे इ.स.च्या पहिल्या शतकातही भडोचच्या बाजारात चालत. टायकी ही नगरभाग्याची देवी. तिच्या हातात फळाफुलांनी ओसंडणारं शिंग असे. ते शिंग कुषाणांच्या नाण्यांवर अर्दोक्षो या इराणी देवीच्या हातात गेलं आणि तिथून समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर आलं. सिंहासनावर बसलेल्या त्या देवीला काही सूचीकार अर्दोक्षो म्हणतात, काही लक्ष्मी. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या नाण्यांवर सिंहासनाचं कमळ झालं, हातातलं शिंग गेलं आणि तिथेही कमळ आलं. त्या नाण्यांपाशी मात्र तिच्या नावावरून सूचीकारांचं भांडण होत नाही.